गालसाहेबांचा निकाल

“साहेब, आज गाल बदला,” सून म्हणाली.

गालसाहेबांचा ब्रश फेसातच थांबला. ब्लेडच्या कारखान्यात त्यांना सगळे याच नावानं ओळखत, खरं नाव पगाराच्या दिवशीसुद्धा कुणाला आठवत नसे. ते दाढी-परीक्षक होते. रोज सकाळी कारखान्याच्या दाढीखोलीत आरशासमोर बसायचं, अर्धी दाढी आपल्या ब्लेडनं करायची, अर्धी दुसऱ्या कंपनीच्या ब्लेडनं, आणि निकाल सांगायचा. आपलं ब्लेड डाव्या गालाला, परक्याचं उजव्या. हा नेम जुन्या मालकांनी घालून दिलेला. तो मोडायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. आज झाली, तीही घरच्याच माणसाची.

सून नुकतीच याच कारखान्यात तपासणी विभागाची प्रमुख म्हणून आली होती. घरी ती त्यांना बाबा म्हणे आणि ते तिला सूनबाई. फाटकाच्या आत मात्र साहेब आणि मॅडम. हे कळल्यापासून सासूबाई पोट धरून हसत होत्या.

निकाल नेहमी ठरलेला असे. धारेत दोन्ही ब्लेडं तोडीस तोड, पण मऊपणात आपलं सरस. धार काय, सुरीलाही असते, असं ते नव्या कामगारांना समजावत. चांगलं ब्लेड ते, जे फिरलेलं कळत नाही. हे वाक्य जुन्या मालकांना इतकं आवडलं, की त्यांनी ते दाढीखोलीच्या भिंतीवर रंगवून घेतलं आणि पुढे पाकिटावरही छापलं. गालसाहेबांच्या डाव्या गालावर अधूनमधून बारीकसा काप दिसे. तोसुद्धा ते कौतुकानं दाखवत. कापलं पण दुखलं नाही, याला म्हणायचं मऊपणा. कधी कधी डाव्या कानाखाली वाळलेला फेस घेऊन ते दिवसभर हिंडत. लोक म्हणत, माणूस असावा तर असा, कामापुढे देहभान नाही.

गिऱ्हाइकं मात्र वेगळंच सांगत होती. ब्लेड ओढतं, आग होते, तोंडाची पार चाळण होते. दुकानदार खोक्यांची खोकी परत धाडू लागले होते. पोलाद बदलायचं तर धार लावायची सगळी यंत्रं नवी घ्यावी लागणार आणि तोवर कारखाना बंद राहणार. नाही बदललं तर तो कायमचाच बंद होण्याची लक्षणं दिसत होती. नव्या मालकांनी हे घोंगडं सुनेच्या गळ्यात घातलं होतं. दुपारी तिला उत्तर द्यायचं होतं.

एकीकडे गावोगावची गिऱ्हाइकं, दुसरीकडे सासऱ्यांचा गाल. गिऱ्हाइकं खरी असतील, तर सासरे उभी नोकरी मालकांची री ओढत आले, असाच अर्थ निघत होता. आणि तो तिच्या गळी उतरत नव्हता. लग्न ठरताना याच माणसानं तिच्या वडिलांसमोर स्वतःच्या मुलाचे सगळे दुर्गुण आपणहून सांगितले होते, त्यातला एक तर मुलालाही नवा होता. तिला सासरे मनापासून आवडायचे. त्यांना खोटं पाडायची वेळ आपल्यावर येऊ नये, एवढंच तिला वाटत होतं.

गाल बदलून असा काय फरक पडणार, गालसाहेबांनी विचारलं. काहीच नाही, ती म्हणाली, आणि तसंच व्हावं अशी तिची इच्छा होती. तिनं त्यांच्यादेखत दोन्ही सीलबंद पाकिटं फोडली. आपलं ब्लेड निघालं उजव्या गालाच्या मोहिमेवर.

पहिल्याच फटक्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याला तोंडातून असा शब्द निघाला, जो सुनेसमोर त्यांनी कधी काढला नव्हता. तरी पठ्ठ्या हटला नाही. दातओठ खात त्यांनी उजवा गाल पुरा केला. मग परक्याचं ब्लेड लावलं आणि डावीकडे वळले. तशी कपाळावरची आठी विरली. हात नेहमीपेक्षा जोरात चालला होता, पण चेहरा शांत होता. शेवटी त्यांनी रेझर बेसिनवर आपटला आणि आरशाकडे पाठ करून ते सुनेसमोर उभे राहिले.

आता त्यांचा आवाज चढला. पाकिटांतला माल बदललाय, म्हणाले. परक्यांची ब्लेडं आमच्या पाकिटात आणि आमची त्यांच्या. हे काम आतल्याच कुणाचं तरी आहे, त्याला शोधून काढा, आणि पोलादाला हात लावायचा विचारही करू नका.

“डावीकडचं ब्लेड आपलं आहे, मॅडम. माझा गाल खोटं बोलत नाही.”

सून त्यांच्या डाव्या गालाकडे बघत होती. रागाच्या भरात हात जड पडला होता आणि तिथे चांगलाच काप गेला होता. रक्त जबड्यावरून ओघळून पांढऱ्या कॉलरवर टपकत होतं. गालसाहेबांचं बोलणं चालूच होतं. तिनं टेबलावरचा कापूस उचलला.

“बाबा, रक्त येतंय.”

“कुठे?” म्हणत त्यांनी चटकन उजवा गाल चाचपला.