संडास नंबर चार

विष्णुपंतांनी संडासाचं दार ठोठावलं. आतून बाळ रडलं.

विष्णुपंत धामणवाडी साखर कारखान्याचे आरोग्य निरीक्षक. कामगारांच्या चाळीमागे नवे संडास बांधून वर्ष झालं होतं. ते वापरात आहेत की नाहीत, एवढंच त्यांना कागदावर भरायचं होतं. सत्तर सालचा भाद्रपद. पाऊस तीन दिवस हटला नव्हता.

दार रंगुबाईने उघडलं. बॉयलरवरच्या सहादेवाची ही आई. मागे बाजेवर तिची सून चांगुणा, कुशीत पाच दिवसांची पोर. मधली एक भिंत बांधायला कंत्राटदार विसरला होता, त्यामुळे चार नंबर चांगला ऐसपैस होता. संडासाच्या भांड्यावर फळी होती. फळीवर डाळीचा डबा.

"रंगुबाई, हा संडास आहे."

"ठावं हाय की. विटा आमीच वाह्यल्या."

"मग संडासाला का नाही वापरत?"

"यवढ्या पांढऱ्या फरशीवर बसाया कुनाला धीर व्हतोय, सायेब? मान्सं आपली उसात जात्यात."

संडासात राहणं नियमाबाहेर आहे, संध्याकाळच्या आत बाळंतीण खोलीत न्या, असं विष्णुपंतांनी सांगितलं. रंगुबाई दारातून हलली नाही.

"आज पाचवी हाय. रातच्याला सटवाई यायची, पोरीचं नशीब लिवाया. तिला चार नंबर सांगून झालाय. आता पत्ता बदलला तर ती बया कुटं हुडकत फिरंल?"

नियमाच्या पुस्तकात सटवाईबद्दल काही नव्हतं. विष्णुपंत खोली बघायला गेले.

खोलीत आठ माणसं होती. एक खिडकी होती, ती शेजारच्या चुलीवर उघडत होती. पत्रा सात ठिकाणी गळत होता आणि भांडी सहाच होती. गटाराचं पाणी उंबऱ्यावरून आत येत होतं, मागच्या भिंतीतून बाहेर जात होतं. मधे त्याला कुणी अडवत नव्हतं. बॉयलरच्या दुरुस्तीची रात्रपाळी करून आलेला सहादेव एका कोरड्या पोत्यावर बसल्या बसल्या झोपला होता.

"मागल्या खेपंला हितंच ठिवली हुती तिला," मागोमाग आलेली रंगुबाई म्हणाली. "तेराव्या दिशी पोरगं गेलं."

ती हे डाळ निवडताना बोलावं तसं बोलली.

विष्णुपंत परत चार नंबरला आले. त्यांनी फरशीला हात लावून पाहिला. कोरडी. वर झरोका, कोपऱ्यात नळ, माशी एकही नाही. त्यांनी कागद काढला. 'वापरात आहे काय' याच्यापुढे 'होय' लिहिलं. 'रोज किती जण' याच्यापुढे 'तीन' लिहिलं. सही केली. छत्री उघडली. मग मिटली.

"रंगुबाई," त्यांनी हळूच विचारलं, "बारसं झालं की हा रिकामा होईल ना? आमच्या लेकीला, सुमेधाला नववा महिना लागलाय, आणि आमचं क्वार्टर धो धो गळतंय."