ड्रायव्हरचं दार

अश्विन जेवून शेडमध्ये परत आला तेव्हा दार पुन्हा उघडं होतं. ड्रायव्हरच्या बाजूचं. जाताना त्याने ते स्वतःच्या हाताने लावलं होतं, वरून दाबून पाहिलं होतं. बिरवाडीच्या त्या शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं आणि वारा तर पान हलवण्यापुरताही नव्हता. हा तिसरा दिवस. भुताखेतांच्या गोष्टींना अश्विन आजवर हसत आला होता. आज त्याला हसू आलं नाही.

गाडी म्हणजे जुनी पद्मिनी. कुडपणच्या हैबतीआबांच्या मुलाने, मंगेशने, ती भंगारातून उचलली आणि दोन वर्षांपूर्वी अश्विनकडूनच उभी करून घेतली. नवरदेव मिरवायला महाड-पोलादपुरात तिला केवढी मागणी! "फट दिसलीच नाय पायजे," मंगेश रोज येऊन सांगायचा. दार आणि बॉडी यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी ठेवणं, हीच तर पत्र्याचं काम करणाऱ्या डेंटरची खरी परीक्षा. अश्विनने त्यासाठी बांबूची एक कामटी तासून ठेवली होती. ती न अडता, न डुगडुगता फिरली की फट पास. या दाराची फट त्याने नेहमीपेक्षाही बारीक धरली आणि महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. ते मिरवणं आता अंगाशी आलं होतं.

कारण गेल्या श्रावणात गाडी दासगावजवळ सावित्री नदीत गेली. रस्ता सरळ, वेळ भर दुपारची. ओहोटी होती, पाणी चाकांच्या वर नव्हतं. भरती चढायला तास-दीड तास तरी लागला असेल. डावी बाजू चिखलात रुतली होती, उजवीकडचं मागचं दार खडकाला लागून आत गेलं होतं, आणि काचा खाली करायच्या मुठी तर त्या जुन्या गाडीला मिळाल्याच नव्हत्या. बाहेर यायची वाट एकच, ड्रायव्हरचं दार. दुसऱ्या दिवशी कोळ्यांनी पुढची काच फोडून मंगेशला काढलं. अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं. त्या दाराला कुणी हात लावला नाही. दार अडकलं, असं हैबतीआबा म्हणाले आणि सगळ्या बाजाराने ते उचलून धरलं. अश्विनकडे गाड्या येईनाशा झाल्या.

आठ महिन्यांनी गाडी पोलीस ठाण्यातून सुटली. आबांनी ती टेम्पोवर घालून थेट अश्विनपुढे आणून उतरवली. "तुज्या हातचं दार हाय. तूच बघ आनि तूच सांग," ते म्हणाले. "अडकलं नसंल तं भर बाजारात तुजी माफी मागीन."

बॉनेट वाकलं होतं, मडगार्ड चेपलं होतं, छप्पर खाली बसलं होतं. अख्ख्या गाडीत एक फट जागेवर नव्हती. फक्त ड्रायव्हरच्या दाराची जशीच्या तशी. कामटी वरून सोडली की सरसर खाली यायची. नदीने सगळं चिरडलं होतं आणि हे दार तेवढं सोडलं होतं. आत बसून ते उघडून पाहण्याचं धाडस मात्र अश्विनला तीन दिवस झालं नव्हतं.

आज त्याने मन घट्ट केलं आणि आत बसला. सीटला अजून गाळाचा वास येत होता. दार ओढून घेतलं. टक. मग आतली मूठ एका बोटाने खेचली. दार अलगद उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. दहा वेळा केलं. कुठे घासत नव्हतं, कुठे अडत नव्हतं. अश्विनचा जीव भांड्यात पडला. आपल्या कामात खोट नव्हती. आपल्यामुळे कुणी गेलं नव्हतं! आबा महाडातच होते. त्याने फोन लावला, "आबा, या," एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला.

मग त्याच्या लक्षात आलं. चाकाएवढं पाणी. धडधाकट पोरगा. एका बोटाने उघडणारं दार. आणि मंगेश तास-दीड तास इथेच बसून होता, याच सीटवर, पाणी चढताना बघत. अश्विन धडपडत बाहेर पडला, दार तसंच टाकून. चार पावलांवर जाऊन त्याने मागे पाहिलं. दार आपसूक मिटत होतं. आत बसलेल्या कुणी सावकाश ओढून घ्यावं, तसं. टक.

आबा पोहोचायला अर्धा तास होता. अश्विन बराच वेळ त्या फटीकडे बघत उभा राहिला. इतकी देखणी फट त्याने पुन्हा कधी बसवली नव्हती. आबा येऊन एका बोटाने हे दार उघडतील, मग त्यांनाही तेच कळेल. त्याने हातोडी उचलली. पहिला घाव घालताना त्याला रडू आलं. दाराची कड वाकवली, खटका वाकवला आणि दार जोर लावून बंद केल्यावर रुतून बसतंय ना, ते पाहून घेतलं.

आबा आले. "काय रे, अडकतंय?"

"तुम्हीच बसून बघा, आबा."

म्हातारा आत बसला. अश्विनने खांदा लावून दार बंद केलं. आबांनी मूठ खेचली. पुन्हा खेचली. दोन्ही हातांनी खेचली, खांद्याने धडका दिल्या. दार हललं नाही. अश्विन मान खाली घालून बाहेर उभा होता. संध्याकाळपर्यंत ही बातमी बाजारभर होणार आणि आपल्या शेडची पायरी कुणी चढणार नाही, हे त्याला दिसत होतं.

धडका थांबल्या.

"अश्विन," पुढच्या काचेच्या रिकाम्या चौकटीतून आबांचा आवाज आला. आता शिवी येणार म्हणून त्याने डोळे मिटून घेतले.

"माजा मंग्या येत व्हता रे," आबा हुंदका देत म्हणाले. "भायेर यायला धडपडत व्हता. बसून नव्हता ऱ्हायला."