शर्यतीनंतर

शर्यत संपवून ती शाळकरी मुलगी जागीच थांबली आणि पांढरीफटक होऊन कोसळली. लोक तिला उभं करू लागले, तशा कुमुदिनीताई गर्दीत शिरल्या. "उभी करू नका! पळून एकदम थांबलं की रक्त पायांतच साचतं." त्यांनी मुलीला आडवं निजवून तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले.

चाळीस वर्षांपूर्वी याच मैदानावर त्याही अशाच पडल्या होत्या. तेव्हा खेळाच्या पाटणकरबाईंनी इस्त्रीच्या साडीची पर्वा न करता त्यांचे धुळीने माखलेले पाय असेच धरले होते.

मुलीच्या गालांवर रंग परतला. "कितवी आले मी?"

"चौथी."

मुलीचे डोळे भरले.

"रड," कुमुदिनीताई तिच्या पोटऱ्या चोळत म्हणाल्या. "मी तर शेवटून दुसरी होते. बाई म्हणाल्या होत्या, रडू येतंय म्हणजे रक्त डोक्यापर्यंत पोचलं."