जांभळं पान

मुकुंदरावांनी पिशवीतून कुंडी काढली आणि नर्सरीवाल्या मंगलसमोर ओशाळून ठेवली. क्रोटनचं एक पान जांभळं पडलं होतं. घरातल्या कुणाच्याही श्वासात आजार शिरला, की या नव्या जातीच्या झाडांची पानं जांभळी पडत. म्हणून तर हल्ली घरोघरी एक तरी असे.

"पुन्हा बदलून हवं, काका?"

"हो गं. अगदी एवढ्याच उंचीचं दे. खोकला माझाच आहे. पण सुमतीला कळलं तर ती अन्न सोडेल."

मंगलने हात पुसले. "रागावू नका, पण काकूही गुपचूप बदलून नेतात. ह्यांना कळू देऊ नकोस, म्हणतात."

"म्हणजे माझा आजार तिला ठाऊक आहे?"

"मलाही तसंच वाटलं होतं. पण तुम्ही साताऱ्याला गेल्यावर, घरात त्या एकट्याच असताना, त्यांनी नेलेलं नवं झाडसुद्धा जांभळंच पडलं, काका."

मुकुंदरावांनी हिरवं रोप हातात घेतलं, जरा वेळ पाहिलं आणि परत ठेवून दिलं. जांभळ्या पानाचंच झाड उचलून ते निघाले. घरी गेल्यावर आधी कुणी बोलायचं, हे मात्र फाटकाशी पोहोचेपर्यंत त्यांना सुचलं नाही.