नात्यात नसलेला माणूस

मुंबई उभी केली ती आपल्या पाठारे प्रभूंनी, हे मनमोहनराव त्रिलोकेकर कुणालाही भर रस्त्यात पटवून द्यायला तयार असत. त्या रविवारी मात्र त्यांना या मुंबईत आपला नातेवाईक नसलेला एक माणूस हवा होता, आणि तो सापडत नव्हता.

लेकीचा, उर्मिलेचा, अर्ज जेवणाच्या टेबलावर पसरला होता. अमेरिकेतल्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकायला जाणारी फणसवाडीतली ती पहिली मुलगी ठरणार होती. फी भरून झाली होती. डॉलरची परवानगी काढून झाली होती. राहिले होते एक शिफारसपत्र. पहिले कॉलेजातल्या मद्रासी प्रोफेसरांनी दिले होते. दुसरे देणारा माणूस शिकलासवरलेला हवा, मुलीला लहानपणापासून ओळखणारा हवा, आणि नात्यातला नको, अशी अट होती.

"जजसाहेब," मनमोहनराव म्हणाले.

"ते माझे मामा," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

"डॉक्टर विजयकर?"

"तुमच्या आतेबहिणीचे यजमान."

"प्रिन्सिपॉल?"

"त्यांची सून तुमची भाची. त्या लग्नात तुम्ही रुसला होतात."

तासाभरात समाजातली सगळी मोठी माणसे संपली. सगळी घरचीच निघाली. अभिमानाने मनमोहनरावांचा ऊर भरून आला. मग त्यांच्या लक्षात आले की हीच अडचण आहे.

"पप्पा, इग्नेशियस मास्तर आहेत ना," उर्मिला हळूच म्हणाली.

इग्नेशियस मास्तर पलीकडे खोताच्या वाडीत राहत. निवृत्त हेडमास्तर, मुंबईच्या मूळच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांपैकी. उर्मिलेचे गणित त्यांनीच पक्के करून घेतले होते. पण दोन वर्षे मनमोहनराव त्यांच्याशी बोलत नव्हते. मुंबई कुणाची, यावर तेव्हा सारे शहर भांडत होते. ती महाराष्ट्राची, याबद्दल या दोघांचे दुमत नव्हते. मोर्चाला दोघे एकत्र गेले होते. भांडण परतताना झाले. प्रभू मंडळी सहा-सातशे वर्षांपूर्वी बिंब राजाबरोबर मुंबईत आली, असे मनमोहनरावांनी सांगितले. मास्तर म्हणाले, "ठाऊक हाय. आमीच तुम्हाला येताना बघितलं."

तेव्हापासून बोलणे बंद.

"मी त्याच्या दारात पाय ठेवणार नाही," मनमोहनराव म्हणाले. "बंडू जाईल."

बंडू म्हणजे थोरला मुलगा, विमा कंपनीत कारकून. तो गेला.

"उर्मिलासाठी कायपण लिहीन," मास्तर म्हणाले. "पण बापूस का नाय आला तुझा?"

"गुडघे दुखतात त्यांचे."

"मग बरे होऊ दे. मला घाई नाय."

बंडू दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. रोज गुडघ्यांची खबर द्यायची आणि पत्राची घ्यायची. मास्तर लिहीत होते. पण जन्मभर दुसऱ्यांची वाक्ये तपासलेल्या या माणसाला स्वतःचे एकही पास करवेना. प्रत्येक नवा मसुदा त्यांची मुलगी क्लारा टाइप करी. ती फोर्टात टायपिस्ट होती. बंडू शेजारी बसून कार्बन लावून देई. घरी येऊन भूक नाही म्हणे. पुढे तो रविवारच्या मटणालाही नाही म्हणाला, तेव्हा राजलक्ष्मीबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दोन महिन्यांनी, एका शनिवारी, पत्र पुरे झाले. बंडूने ते टेबलावर ठेवले आणि उभाच राहिला.

"पप्पा, मी आणि क्लारा लग्न करतोय. रजिस्टर. सोमवारी."

राजलक्ष्मीबाई खुर्चीत बसल्या. उर्मिलेने अर्ज छातीशी धरला. मनमोहनरावांनी चष्मा लावून पत्र वाचायला घेतले. अशी विद्यार्थिनी आपल्याला चाळीस वर्षांत मिळाली नाही, असे मास्तरांनी लिहिले होते. तिचे घराणे या शहरातल्या सर्वांत जुन्या घराण्यांपैकी एक आहे, असेही लिहिले होते. ते वाक्य मनमोहनरावांनी पुन्हा वाचले. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. अर्जदाराशी माझे कोणतेही नाते नाही, अशी ती ओळ होती.

"सोमवारी किती वाजता?"

"अकरा."

"हवाई टपाल आज संध्याकाळी निघतं," मनमोहनराव म्हणाले. "आज हा माणूस आपला कोणी लागत नाही. ऊठ, जी.पी.ओ.त टाकून ये. सोमवारी अकरानंतर तो माझा व्याही."

"अहो, पण लोक काय म्हणतील?" राजलक्ष्मीबाईंना रडू फुटले.

"लोक कुठले? सगळे नातेवाईकच आहेत."

सोमवारी मनमोहनराव पगडी घालून ताठ मानेने रजिस्ट्रारच्या कचेरीत गेले. जिने चढले. इग्नेशियस मास्तरांनी गुडघ्यांची चौकशी केली.

जजसाहेबांनी येणे-जाणे तोडले. डॉक्टरांनी तोडले. प्रिन्सिपॉलांच्या सुनेने मामाला ओळख दिली नाही. त्रिलोकेकरांशी आपले काही नाते नाही, असे सांगणारी पुष्कळ मोठी माणसे महिन्याभरात मुंबईत झाली.

विद्यापीठाचे उत्तर आले, तेव्हा मनमोहनरावांनी व्याह्यांना बोलावून घेतले आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ते वाचून दाखवले. उर्मिलेला प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्तीही मिळाली होती. दुसरे शिफारसपत्र पोचले नव्हते. पण पहिल्यावर काम भागले आहे, आता पाठवू नये, असे खाली लिहिले होते.