मधली दहा वर्षं

“थांब गं. मागं जा,” झुंबरबाई म्हणाल्या.

लीलाबाईने पुस्तक मांडीवर आपटलं. सासू रोज याच ओळीपाशी तिला अडवत होती. रत्नमाला सरदाराच्या घरी सून म्हणून आली, इथवर कादंबरी सुरळीत चालायची. पुढचं प्रकरण सुरू व्हायचं ते, ‘अशी दहा वर्षे लोटली.’ तिथे म्हातारीचं घोडं अडलंच.

“दहा वरसं लोटली म्हंजी? त्या पोरीनं काय केलं दहा वरसं?”

“आत्याबाई, ते पुस्तकात नाही. लेखकाने लिहिलेलंच नाही.”

“आसं कसं? पोरंबाळं झाली आसतील, कोन मेलं आसंल. आन् ह्यो बाबा एका वळीत उडवून मोकळा!”

लीलाबाईचं डोकं उठलं. लोणावळ्याच्या बाजारात त्यांचं चिक्कीचं दुकान होतं, मागच्या खोलीत बिऱ्हाड. मोतीबिंदू काढताना बिघडलं आणि सासूची नजर गेली. तेव्हापासून दुपारचं हे वाचन तिच्या गळ्यात पडलं होतं. “तू सातवीची फायनल पास झालेली, वाच की आईला,” असं तिचा नवरा दत्तोबा म्हणाला होता. ती फायनल पास आहे हे या घराला तेवढ्यापुरतंच आठवायचं. दाणे निवडायचे पडले होते, दळण आणायचं होतं, मुलं येतील तेव्हा भूक भूक करत येतील. आणि इथे रत्नमाला काही केल्या म्हातारी होईना.

“सांग की. काय केलं तिनं?”

“सांगते!” लीलाबाई उसळून म्हणाली. “ऐका. पहाटे उठून तिने चूल पेटवली. दुसऱ्या दिवशीही पेटवली. मग एकदा सासूला म्हणाली, मला मास्तरीण व्हायचंय. सासू म्हणाली, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. सासू म्हणाली, लेकरू रांगू दे. लेकरू रांगलं तर दुसऱ्याची चाहूल लागली. मग मुंबईची माणसं यायचा हंगाम आला. दुकानात हात हवेत, पाकाशी कोण बसणार? बसली ती पाकाशी. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. आणि सासू दर वेळी म्हणायची, एवढं साल जाऊ दे.”

सरदाराच्या घरात चिक्कीचा पाक कुठून आला, हे तिच्या ध्यानात आलं नाही. म्हातारीनेही विचारलं नाही.

“मग?”

“मग परवा तिला बरोबरची मैत्रीण भेटली, स्टेशनवर. दोघींनी एकाच वर्षी परीक्षा दिलेली. मैत्रिणीच्या मागे ही एवढी पोरांची रांग, बेडश्याची लेणी बघायला निघालेली. सगळी ‘बाई, बाई’ करून तिला ओढत होती. हिच्या हातात गुळाची ढेप. तिथे हिला कळलं, दहा वर्षं गेली. तोवर कळलंसुद्धा नव्हतं. झालं समाधान?”

तिचा आवाज चिरकला होता. पुढे दुकानात दत्तोबाचं गिऱ्हाइकाशी बोलणं चाललं होतं. चिक्की कापल्याचा खटखट आवाज येत होता. आता कांगावा होणार, मुलाला हाका जाणार, असं धरून ती पदर खोचून बसली.

झुंबरबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाल्या, “सासू वाईट न्हवती गं. तिला वाटलं, वरसं लय हायेत.”

लीलाबाईच्या जिभेवर झणझणीत उत्तर तयार होतं. ते तिथेच राहिलं. या बाईला कधी चुकल्यासारखं बोलताना तिने ऐकलं नव्हतं.

“त्या पोरीला आता मास्तरीण व्हता येतं का? का वय ग्येलं?”

“येतं,” लीलाबाई हळू म्हणाली. “ती विचारून आलीय शाळेत.”

“कोनाला सांगितलं न्हाई तिनं?”

“कुणाला सांगणार?”

म्हातारीने हात चाचपत पुढे केला. सुनेच्या मांडीवरचं पुस्तक तिला सापडलं. ते तिने मिटलं आणि लांब सारलं.

“दत्तोबाला आत बोलव,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक आसलं तरी बोलव.”