शेवटचा डबा

ही गोष्ट कुणाला पटणार नाही. ज्याला पटेल त्याने आधी स्वतःचं डोकं तपासून घ्यावं. पण झालं ते असंच झालं, त्यात तिळाएवढा फरक नाही.

पुस्तकं बांधणारा एक माणूस आपल्या आईला घेऊन दुपारच्या खेळाला निघाला होता. म्हातारीला साखरेचा आजार. सकाळी सुई टोचली की दर दोन तासांनी पोटात काहीतरी जायलाच हवं. नाहीतर साखर उतरते, आणि एकदा उतरली की माणूस हातचा जातो, असं डॉक्टरने बजावलेलं. सिनेमा तीन तासांचा. आणि थिएटरच्या दारावर टॉर्च.

टॉर्च म्हणजे तिथला डोअरकीपर. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. नाक असं तिखट, की रुमालात बांधलेला शेंगदाणा त्याला जिन्यावरूनच कळायचा. बाहेरचं खाणं आत गेलं तर मालक त्याला घरी बसवणार होता, म्हणून तो कुणाच्या बापाला सोडत नसे.

बांधणीवाल्याने शक्कल लढवली. भंगारातून त्याने सिनेमाच्या रिळाचा रिकामा डबा पैदा केला. पत्र्याचा, गोल, चपटा. त्यात पाव, उकडलेली अंडी आणि दोन केळी आडवी घातली. थिएटरात रिळाच्या डब्याला कोण हटकणार?

"हे काय?" टॉर्चने दारातच विचारलं.

"रीळ आहे. वर द्यायचंय."

टॉर्चने झाकण उचलून वास घेतला. "चित्र बरं दिसतंय. जरा जास्तच उकडलंय."

"अहो, आईसाठी आहे. तिला साखरेचा त्रास..."

"इथं दारात आलं की सगळ्यांनाच साखर होते. मध्यंतरात आतल्या दुकानातून घ्या. हा डबा खेळ सुटल्यावर न्या."

डबा दाराजवळच्या फळीवर गेला. म्हातारी मुलाला म्हणाली, "जाऊ दे रे. माझं काय, सकाळी खाल्लंय की."

मध्यंतरात बांधणीवाला रांगेत घुसला. दुकानापाशी पोचला तेव्हा तिथे रिकाम्या बाटल्या आणि दुकानदाराची जांभई एवढंच उरलं होतं. हात हलवत परत आला. दिवे गेले.

थोड्या वेळाने आईचा हात त्याच्या मनगटावर आला. ओला आणि गार. पडद्यावर भर दुपार होती, त्या उजेडात त्याने तिच्याकडे पाहिलं. कपाळावरून घाम ओघळत होता आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते. तिला तो ओळखू येत नव्हता. "मास्तर," ती म्हणाली, "माझ्या मुलाला घरी पाठवा."

तो उठला. लोकांचे पाय तुडवत, शिव्या खात दारापर्यंत गेला. टॉर्च जागेवर नव्हता. फळीवर अंधारात हात फिरवला, तर गोल, चपटा, गार पत्रा लागला. त्याने तो छातीशी धरला आणि धावत परत आला.

आता गंमत अशी, की त्या थिएटरात सिनेमाची शेवटची रिळं दुसऱ्या थिएटरातून यायची, सायकलवरून, खेळ चालू असताना. त्या दिवशीचा शेवटचा डबा नुकताच आला होता आणि आणणाऱ्याने तो त्याच फळीवर ठेवला होता. मग टॉर्चने घाईत, वास न घेताच, फळीवरचा एक डबा उचलला आणि वर ऑपरेटरला नेऊन दिला.

बांधणीवाल्याने अंधारातच झाकण काढलं. "खा आई, लवकर खा."

म्हातारीने हात घातला. आत गुळगुळीत काहीतरी होतं, वेटोळं घालून बसलेलं. तिने ते ओढलं तसं ते सुटत गेलं, तिच्या मांडीवरून, गुडघ्यांवरून खाली.

"बाळा," ती म्हणाली, तेव्हा आवाज एकदम शुद्धीतला होता, "हे हलतंय रे."

तेवढ्यात पडदा पांढरा झाला. चित्र नाही, आवाज नाही. वर ऑपरेटर हातात उकडलेलं अंडं घेऊन उभा होता. लोकांनी शिट्ट्या मारल्या, मग एकेक शिट्टी थांबत गेली. त्या पांढऱ्या उजेडात सगळ्यांना ती दिसली. हनुवटी छातीवर टेकलेली आणि पायापर्यंत काळी पट्टी गुंडाळलेली. टॉर्च पळत आला. त्याने तिच्या डोळ्यांवर झोत टाकला. पापणी लवली नाही.

ज्या हाताने त्याने डबा काढून घेतला होता तो हात त्याच क्षणी गार पडला. शेकून झालं, तेल चोळून झालं. ऊब काही आली नाही. त्याच्यानंतर त्या दारावर तिघे येऊन गेले. ज्याने ज्याने म्हाताऱ्या माणसाचा डबा बाजूला ठेवला, त्याचं असंच झालं. आधी बोटांची टोकं बधिर होतात. मग मनगट. एकाचं खांद्यापर्यंत गेलं, आणि खांद्याच्या पुढे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून म्हणतो ताई, माझ्या पिशवीवरचा हात काढा. तुमची बोटं आत्ताच पांढरी दिसताहेत.

थिएटरच्या दारातल्या तपासणीच्या टेबलामागच्या ताईंनी हात काढला नाही.

"आजोबा, मागच्या शुक्रवारी या गोष्टीत आई नव्हती, तुमची बायको मेली होती," त्या म्हणाल्या. "त्या तुमच्या मागेच उभ्या आहेत, आणि मघापासून काहीतरी चावताहेत."